जहाज कोणत्या गोदीत बांधावे?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचे बंदर आहे. दोनशे वर्षांहून अधिक वयाचे एक लढाऊ गलबत तेथे अजून पाण्यावर उभे आहे. त्याचे नाव 'ट्रिंकोमाली'. नाव लंकेतल्या बंदराचे, मालकी इंग्रजांची आणि अंग मात्र आपल्या इकडच्या सागाचे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ते तयार झाले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. त्यानंतर पुरता एक महिना लोटला नाही तोच ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, आणि मराठी राज्याचा दिवस कलला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत खडकीला मोठे प्रकरण मिळते. मुंबईच्या गोदीतल्या त्या सुतारांना एक ओळही मिळत नाही.

लढाया कोणी जिंकल्या हे आपण आवडीने वाचतो. ज्या जहाजांवर त्या लढल्या गेल्या ती कोठे बांधली गेली, कोणाच्या हातांनी, आणि ते काम त्याच हातांना का दिले गेले, हे प्रश्न सहसा आपल्याला पडत नाहीत. वास्तविक कोणत्याही दर्यावर्दी राष्ट्रापुढे ही अडचण उभी राहतेच. काम थोडे, गोद्या अनेक. कोणाला किती द्यायचे? या प्रश्नाचे उत्तर चुकले म्हणजे काय होते, हे सांगणारे दाखले इतिहासात भरपूर आहेत. त्यांतले काही आज वाचकांपुढे ठेवतो.

स्वतःच्या देशात इतक्या गोद्या असताना इंग्रजांनी आपल्या शाही आरमाराची जहाजे मुंबईला का बांधून घ्यावीत? प्रेमापोटी नव्हे, हे उघड आहे. नेपोलियनशी झुंज चालू होती. जहाजामागून जहाज लागत होते आणि इंग्लंडातले ओकचे लाकूड अपुरे पडू लागले होते. ओक पाण्यात लवकर कुजतो. सागाच्या अंगात तेल असते, त्यामुळे त्याला कीड आणि कूज बेताने लागते. मलबारचा साग मुंबईला सहज पोचत होता. आणि सागाइतकीच मोलाची दुसरी गोष्ट मुंबईत होती, ती म्हणजे वाडियांचे घराणे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले. तेव्हापासून सुमारे दीडशे वर्षे गोदीचा मुख्य कारागीर त्याच घराण्यातला. बापाने मुलाला, मुलाने नातवाला हाताखाली घेतले. शेकडो जहाजे या हातांतून गेली. १८१० मध्ये ७४ तोफांचे 'मिंडेन' पाण्यात उतरले. १८१३ मध्ये 'कॉर्नवॉलिस' उतरले, आणि पुढे १८४२ साली चीनला नमवणाऱ्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या याच 'कॉर्नवॉलिस'वर. 'ट्रिंकोमाली'चे नकाशे घेऊन निघालेले जहाज वाटेत अमेरिकनांच्या हाती सापडून नष्ट झाले, तेव्हा दुसरी प्रत पाठवावी लागली. नकाशा हरवला तर दुसरा काढता येतो. तो वाचून जहाज उभे करणारा हात हरवला तर काय करायचे, याचे उत्तर मात्र कोणत्याही दप्तरात मिळत नाही.

मुंबईची ही कीर्ती थेम्स नदीच्या काठी सुखाने ऐकली गेली नाही. लंडनच्या गोदीवाल्यांनी आणि सुतारांनी पार्लमेंटकडे अर्जांवर अर्ज केले. हिंदुस्थानात बांधलेली जहाजे अशीच येत राहिली तर आमच्या चुली विझतील, असे त्यांचे म्हणणे. १८१४ मध्ये पार्लमेंटने त्यावर चौकशी समिती बसवली, साक्षी झाल्या. पाठोपाठ आलेल्या कायदेकानूंनी हिंदी जहाजांच्या आणि हिंदी खलाशांच्या वाटेत अडसर घातले. हिंदी खलाशी हा 'ब्रिटिश नाविक' नव्हे, असेही ठरले. आपण हे वाचतो तेव्हा आपल्या मनात संताप येतो आणि तो योग्यच आहे. पण क्षणभर त्या लंडनच्या सुताराच्या जागी उभे राहून पाहावे. त्याला साम्राज्याशी काय कर्तव्य? त्याच्या हातातली पटाशी निकामी होणार होती. त्याची भीती खरी होती. फक्त तिच्यावरचा उपाय त्याने चुकीचा शोधला. दुसऱ्याच्या दाराला कुलूप घातले म्हणजे आपले घर सुरक्षित झाले, असे त्याला वाटले.

ते सुरक्षित झाले नाही. लाकडाचे युग संपले, लोखंडाचे आले. सुरुवातीला थेम्सने त्यातही बाजी मारली. 'वॉरियर' हे लोखंडी चिलखताचे थोर जहाज १८६० मध्ये थेम्स आयर्नवर्क्सच्या गोदीतूनच पाण्यात उतरले. पण कोळसा आणि लोखंड उत्तरेला, क्लाइड आणि टाइन या नद्यांच्या आसपास. तेथे जहाज स्वस्तात होई. थेम्सकाठच्या गोद्या एकामागून एक मिटत गेल्या. १९११ मध्ये 'थंडरर' ही प्रचंड युद्धनौका थेम्स आयर्नवर्क्सने पाण्यात सोडली आणि पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, ती गोदी कायमची बंद पडली. मुंबईच्या सुतारांविरुद्ध अर्ज लिहिले गेले त्याला तेव्हा पुरी शंभर वर्षेही झाली नव्हती. अर्ज करणाऱ्यांच्या नातवंडांच्या हातचे काम गेले, ते आपल्याच देशबांधवांकडे.

मग उत्तरेकडच्या लोकांनी तरी सुखाने भाकरी खाल्ली का? टाइन नदीच्या काठी जॅरो नावाचे गाव आहे. हे सगळे गाव पामर कंपनीच्या गोदीवर जगे. पहिले महायुद्ध संपले, आरमाराची मागणी आटली, पुढे मंदी आली. गोद्या जास्त आणि काम थोडे, असे झाले, तेव्हा जहाजबांधणीच्या धंद्यातल्या बड्या मंडळींनी एक संस्था काढून जादा गोद्या विकत घेऊन मोडून टाकण्याचा सपाटा लावला. १९३४ मध्ये पामरची गोदी अशीच घेतली गेली, आणि त्या जागेवर पुढची चाळीस वर्षे जहाज बांधायचे नाही अशी अट घातली गेली. चाळीस वर्षे! म्हणजे शिकाऊ पोराचा म्हातारा होण्याइतका काळ. १९३६ च्या ऑक्टोबरात जॅरोचे दोनशे बेकार कामगार काम मागायला लंडनपर्यंत पायी चालत गेले. त्यांच्या बरोबर चाललेल्या पार्लमेंटच्या सभासद एलेन विल्किन्सन यांनी पुढे या गावावर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच त्यांनी या गावाचा खून झाला असे म्हटले आहे. आणि गंमत, की दैवदुर्विलास म्हणावा, पहा. तीनच वर्षांनी दुसरे महायुद्ध पेटले आणि इंग्लंडला गोद्यांची आणि वाकबगार हातांची कधी नव्हती एवढी निकड भासली.

थेम्सच्या कथेत एक चूक दिसते. भूगोल आणि कच्चा माल यांच्याविरुद्ध भिंत बांधून काम धरून ठेवता येत नाही. जॅरोच्या कथेत नेमकी उलट चूक आहे. या सालच्या हिशेबात नफा दिसत नाही म्हणून गोदी मोडली, तर पुढच्या दशकात ती गरजेच्या दिवशी उगवत नाही. या दोन चुकांच्या मधून वाट काढायची, हाच सगळा प्रश्न आहे.

परक्यांचे दाखले पुष्कळ झाले. आपल्या घरातही याविषयी विचार झालेला आहे. कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी त्या खाडीत जहाजे बांधायला घेतली, तेव्हा त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आणि त्याची माणसे होती. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना धोका कळला. त्यांनी या लोकांना फितवून काम सोडायला लावले. महाराजांनी त्यानंतर आपल्या लोकांवर भिस्त ठेवली. गोदी आपली, लाकूड आपले, पण हात परके असले तर जहाज अर्ध्यावर राहते, हा धडा मराठी आरमाराने अगदी पाळण्यातच घेतला.

पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. ते मला प्रत्येक वेळी नव्याने शहाणे वाटते. आरमार एकाच माणसाच्या हाती ढीग करून न देता त्याचे ठराविक सुभे करावेत, प्रत्येकात पाच गुराबा आणि पंधरा गलबते असावीत. त्याचा खर्च बंदरातल्या सावकारांना पिळून न काढता मुलुखातून नेमून द्यावा. पावसाळ्याची छावणी दरसाल एकाच बंदरात करू नये. अमात्यांना हे कळले होते की आरमार म्हणजे केवळ तोफा नव्हेत. ते एखाद्या गावाच्या अंगावर बसणारे ओझेही असते आणि त्या गावाची रोजीही असते. लाकडाबद्दल तर त्यांनी जे सांगितले ते कोकणातल्या कोणाही माणसाच्या काळजाला भिडेल. सागवान सरकारी रानातले परवानगीने घ्यावे. पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरासारखी वाढवलेली असतात आणि ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, दाम देऊन घ्यावे.

गोदीतली विद्या ही मला अशीच फणसाच्या झाडासारखी वाटते. ते तोडायला एक सकाळ पुरते आणि वाढवायला एक पिढी लागते.

मी शाळामास्तर आहे. नववीच्या वर्गात हा विषय निघाला असता मी मुलांना विचारले, "समजा, सरकारला सात लढाऊ जहाजे बांधायची आहेत आणि गोद्या पाच आहेत. कशी वाटाल?" एक म्हणाला, सगळ्यांना सारखी. दुसऱ्याने हिशेब केला की सातला पाचने भाग जात नाही, म्हणून जो स्वस्तात करील त्याला सगळी. तिसऱ्याने जेथे बेकारी जास्त तेथे द्या म्हटले. मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. त्याचे वडील गोदीत वेल्डर होते. तो म्हणाला, "सर, अगोदर हे विचारा की ही सात झाली म्हणजे पुढे काय?" मी त्या दिवशी त्याला शाबासकी दिली. हा प्रश्न विचारण्याचे भान मोठमोठ्या कचेऱ्यांनाही नेहमी राहिलेले नाही.

स्वतंत्र भारताच्या गोद्यांचा इतिहास या प्रश्नाच्या उजेडात वाचून पाहावा. माझगावला १७७४ मध्ये एक लहानशी गोदी होती, ती वाढत वाढत १९६० मध्ये सरकारच्या ताब्यात आली. त्याच साली कलकत्त्याची गार्डन रीच घेतली. विशाखापट्टणला वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीने १९४१ मध्ये गोदीचा पाया घातला. तेथले 'जलउषा' हे जहाज १९४८ मध्ये नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले आणि पुढे ती गोदीही राष्ट्राची झाली. गोव्याची गोदी पोर्तुगीज अमदानीत, १९५७ मध्ये निघाली. कोचीनची १९७२ ची. म्हणजे गोद्या दोन्ही किनाऱ्यांवर पसरलेल्या आहेत आणि हे चांगले आहे. शत्रूचा एक घाव सगळ्यांवर बसू शकत नाही. १७५६ मध्ये विजयदुर्गच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे एकवटलेले आरमार कसे जळून गेले, हे मराठी माणसाला सांगायला नको. त्यात जास्त बोचते ते हे, की इंग्रजांच्या जोडीला त्या वेळी पेशव्यांचीच फौज होती.

लढाऊ जहाजांची खरी विद्या माझगावने मिळवली ती एका प्रकारची जहाजे ओळीने बांधून. 'निलगिरी' ही फ्रिगेट १९७२ मध्ये आरमारात दाखल झाली. तिचा आराखडा इंग्रजी. त्याच जातीची सहा जहाजे माझगावने बांधली, शेवटचे १९८१ मध्ये. पहिले परक्याच्या वहीवरून उतरवून घेतले, शेवटच्या जहाजांपर्यंत वहीत आपणच दुरुस्त्या करू लागलो. ही प्रगती सहाही जहाजे सहा ठिकाणी वाटली असती तर झाली नसती. समान वाटणीने सगळेच आयुष्यभर पहिलीतच राहिले असते.

याच्या उलट पाणबुड्यांची कथा. १९८१ मध्ये जर्मन कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या जर्मनीत, दोन माझगावला. आपली माणसे जर्मनीत जाऊन शिकून आली. माझगावला बांधलेली 'शल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये दाखल झाली. आणखी दोन बांधायचा विचार होता. पण व्यवहारात लाचेचा बोभाटा झाला होता आणि तो विचार बाजूला पडला. पुढचा करार फ्रेंचांशी २००५ मध्ये झाला, आणि त्यातली पहिली पाणबुडी 'कलवरी' आरमारात आली ती २०१७ च्या डिसेंबरात. 'शंकुल'पासून 'कलवरी'पर्यंत तेवीस वर्षे! पाणबुडीच्या कवचाचे सांधे जोडणारा वेल्डर हा काही साधा कारागीर नसतो. पाण्याच्या भाराखाली त्याचा एक सांधा उसवला तर आतल्या सगळ्यांना जलसमाधी. तेवीस वर्षांत असा माणूस दुसऱ्या कामावर जातो, आखातात जातो, निवृत्त होतो. लाच खाणाऱ्याला शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण आपण शिक्षा दिली ती वेल्डरच्या हाताला. पुन्हा परक्या गुरूकडे जाऊन पुन्हा दक्षिणा देऊन तीच विद्या घ्यावी लागली.

स्वस्तात करील त्याला द्या, या मताचीही परीक्षा झालेली आहे. २०११ मध्ये पाच गस्ती नौकांचे काम गुजरातच्या किनाऱ्यावरील एका खाजगी गोदीला मिळाले. जागा प्रशस्त, यंत्रे नवी, उत्साह मोठा. २०१७ मध्ये दोन नौकांचे सांगाडे पाण्यात उतरलेही. पण गोदी कर्जात रुतली आणि करार रद्द करावा लागला. खाजगी म्हणून ती बुडाली असे मी म्हणत नाही. वालचंदांची गोदीही खाजगीच होती आणि वाडियांची कारागिरी काही सरकारी खात्याने जन्माला घातली नव्हती. पण टेंडरच्या कागदावर आकडा दिसतो. तो आकडा लिहिणाऱ्याच्या अंगणात पुढची दहा वर्षे किती काम आहे, हे त्यावर दिसत नाही.

अलीकडे आपल्याकडे एक नवी रीत रुळू लागली आहे आणि ती मला बरी वाटते. एकाच नमुन्याची जहाजे दोन गोद्यांत वाटायची. 'निलगिरी' हे नाव धारण करणाऱ्या नव्या मालिकेतल्या सात फ्रिगेटांपैकी चार माझगावला आणि तीन कलकत्त्याला बांधायला दिल्या. माझगावची 'उदयगिरी' आणि कलकत्त्याची 'हिमगिरी' या दोघी २६ ऑगस्ट २०२५ रोजी एकाच दिवशी आरमारात आल्या. उथळ पाण्यात पाणबुड्या हुडकणाऱ्या सोळा नौकांपैकी आठ कलकत्त्याला आणि आठ कोचीनला. २०२३ मध्ये अकरा गस्ती नौकांचे करार झाले. त्यांपैकी सात गोव्याला, चार कलकत्त्याला. ज्या उथळ पाण्यातल्या नौकांचा उल्लेख केला त्यातली पहिली २०२५ च्या जूनमध्ये दाखल झाली. तिचे नाव 'अर्नाळा', आपल्या वसईजवळच्या किल्ल्याचे. कलकत्त्याच्या गोदीसाठी तिला बांधणारे हात तमिळनाडूतल्या कट्टुपल्लीच्या किनाऱ्यावरचे आहेत आणि नाव मात्र वैतरणेच्या मुखावरचे. हा योग मला फार गोड वाटला.

यावर आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. दोन ठिकाणी बांधले की खर्च वाढतो. एकाच गोदीने सातही बांधली असती तर सातवे सगळ्यांत स्वस्त आणि लवकर झाले असते. ते शिक्षण आपण दोघांत वाटून पातळ केले. खरे आहे. पण एकच गोदी असली म्हणजे ती सांगेल तो दर आणि देईल ती तारीख. शेजारी दुसरी असली की पहिलीला जाग राहते. आणि तिसरी, चौथी, पाचवीही असावी असे म्हणू लागलो की कोणाचेच पोट भरत नाही. दोन म्हणजे चढाओढ; पाच म्हणजे उपासमार.

मग बाकीच्या प्रांतांनी काय करायचे? एक तोडगा इंग्रजांनीच करून दाखवला. 'क्वीन एलिझाबेथ' या २०१७ मध्ये दाखल झालेल्या विमानवाहू जहाजाचे मोठाले तुकडे त्यांनी सहा गोद्यांत बांधले आणि रोसाइथला आणून जोडले. त्या सहांत जॅरोच्या शेजारचे हेबर्न हेही एक होते. पोर्ट्समथनेही त्यात वाटा उचलला होता. पण पुढच्या कामाची तजवीज नव्हती, आणि २०१३ मध्येच तेथली जहाजबांधणी बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. वाटा मिळाला, पण 'पुढे काय?' याचे उत्तर मिळाले नाही. आपल्याकडेही 'विक्रांत' कोचीनला बांधली, २०२२ मध्ये ती दाखल झाली. सुमारे ४५,००० टनांच्या त्या जहाजासाठी लागलेले खास पोलाद आपल्या देशातल्या कारखान्यांनी केले. समुद्र ज्यांनी पाहिला नाही अशा गावांचाही त्या जहाजात वाटा आहे. प्रांताप्रांताला न्याय द्यायचा तो असा द्यावा. पोलाद, पंप, तारा, यंत्रे यांची कामे देशभर पसरावीत. जहाजाचा कणा मात्र जेथे तो घालण्याची सवय आहे तेथेच घालावा.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. प्रत्येक जातीच्या जहाजाला दोन गोद्या असाव्यात, एक नसावी आणि चारही नसाव्यात. पहिले जहाज ज्याने बांधले त्याने दुसऱ्याला ते शिकवावे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, एक जहाज पाण्यात उतरते न उतरते तोच दुसऱ्याचा कणा घातला जावा, मग जहाजांची संख्या थोडी कमी ठेवावी लागली तरी चालेल. दहा वर्षांत धडाक्याने दहा आणि मग वीस वर्षे शुकशुकाट, यापेक्षा दर तीन वर्षांनी एक बरे. या सालच्या जमाखर्चात ते महाग दिसेल. पण ज्या गोदीत म्हातारा मिस्त्री काम करीत असताना शेजारी एक पोर उभे राहून पाहत असते, तीच गोदी जिवंत. ज्या दिवशी ते पोर यायचे थांबते, त्या दिवशी गोदी मेलेली असते. तिच्या दारावर फक्त पाटी उरते.

हार्टलपूलचे ते सागाचे जहाज आपली आठवण म्हणून परदेशात उभे आहे, याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण त्या सुतारांची विद्या आपल्याकडे का उरली नाही, ती कोणी तोडली आणि ती तुटत असताना कोणाच्या लक्षात कसे आले नाही, हेही मुलांना सांगावे. सागाचे आयुष्य दोनशे वर्षे आहे. हातातल्या विद्येचे आयुष्य मात्र पुढचे काम हाती येईपर्यंतच असते.